मागच्या खोलीतला रेस्क्यू: पहिल्या पाच महिन्यांच्या नोंदी

8 जानेवारी

मागची खोली रिकामी केली. जुन्या गाद्या, सायकलचे सुटे भाग, मुलांची पाच वर्षांची पुस्तकं, सगळं बाहेर. आता चार भिंती, एक खिडकी आणि दोन प्लग पॉइंट एवढंच उरलंय, आणि त्या रिकाम्या खोलीकडे बघून छातीत धडधडतंय, आनंदाने पण आणि भीतीने पण.

हा रेस्क्यू, म्हणजे लोकांना नकोसे झालेले पाळीव प्राणी सांभाळायची जागा, का सुरू करतोय ते आधी लिहून ठेवते. लेकीकडे तीन वर्षांपासून दोन लेपर्ड गेको, म्हणजे पाळायच्या पाली, आहेत. ते ओळखीपाळखीत पसरलं आणि मग ज्याला ज्याला आपला प्राणी जड झाला त्याने आमची बेल वाजवायला सुरुवात केली. तुमच्याकडे पाल आहे ना, मग हा हॅमस्टर पण ठेवून घ्या, असं. सहा महिन्यांत पाच आले. कुत्र्यामांजरांसाठी धावून येणारी माणसं खूप असतात, पण सरडा किंवा साप म्हटलं की फोन उचलणारंच कोणी नसतं. म्हणून ठरवलं, करायचं तर नीट करायचं.

नवऱ्याचा पहिला प्रश्न, किती? मी म्हटलं, येतील तसे. तो म्हणाला, नाही, आकडा आधी ठरव. मग आम्ही बसून हिशोब केला, जागेचा नाही तर वेळेचा. एका टँकला रोजची सफाई, पाणी, खाणं, तापमान बघणं, नोंद करणं मिळून पंधरा मिनिटं. घरात मिळून रोज तीन तास खात्रीने निघतात. म्हणजे बारा टँक. त्यातले चार कायम क्वारंटाइनसाठी. तेरावा प्राणी घ्यायचा नाही. हे कागदावर लिहून आम्ही चौघांनी खाली सह्या केल्या, धाकट्याने पण.

14 जानेवारी

लायटिंग आणि वायरिंगचं काम. प्रत्येक गरम करणाऱ्या वस्तूला स्वतःचा थर्मोस्टॅट, यात तडजोड नाही. थर्मोस्टॅटशिवायची हीट मॅट प्राण्याला भाजते, आणि हे प्राणी पोट भाजत असलं तरी कित्येकदा जागचे हलत नाहीत. गरम होणारे दगड तर आणायचेच नाहीत, देणगीत आले तरी.

क्वारंटाइन बाहेरच्या छोट्या खोलीत, मुख्य खोलीत नाही. तिथले चिमटे, ब्रश, भांडी, सगळ्यांना लाल टेप. रोजचा क्रम ठरला: आधी निरोगी, मग आजारी, सगळ्यात शेवटी क्वारंटाइन, आणि उलटं कधीच नाही. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये यातली एकही वस्तू धुवायची नाही. सरपटणारे प्राणी ठणठणीत दिसत असले तरी साल्मोनेला बाळगून असू शकतात, आणि घरात आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ते म्हणाले, मला काय होतंय. मी म्हटलं, आप्पा, तुम्हाला काही होऊ नये म्हणूनच हे सगळं. मग त्यांनी स्वतःच दाराशी हात धुवायची बाटली अडकवली आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवायचं काम अंगावर घेतलं.

22 जानेवारी

पहिला अधिकृत प्राणी. बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा, दहा-अकरा महिन्यांचा, वजन 112 ग्रॅम. या वयाला निदान दुप्पट हवं होतं. आणणारा कॉलेजचा मुलगा, डोळे लाल, रात्रभर झोपला नसावा. पायाची बोटं थरथरतात, चालताना पोट जमिनीला घासतं, आणि जबडा हाताला रबरासारखा लागतो. मेटाबोलिक बोन डिसीज, म्हणजे कॅल्शियमअभावी हाडं मऊ पडण्याचा आजार. व्हेटने एक्स-रे काढल्यावर पुढच्या दोन्ही पायांची हाडं वाकलेली आणि मागच्या एका पायात जुनं फ्रॅक्चर दिसलं.

त्या मुलाने त्याच्यावर माया कमी केली असं नाही. त्याला दुकानात लाल बल्ब दिला आणि यात सगळं आहे म्हणून सांगितलं. लाल बल्ब फक्त गरम करतो. उन्हातले यूव्हीबी किरण नसले की ड्रॅगनच्या कातडीत डी3 जीवनसत्त्व तयार होत नाही, डी3 नाही म्हणून खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर मग स्वतःचीच हाडं पोखरायला लागतं. खिडकीतल्या उन्हाने पण भागत नाही कारण काच यूव्हीबी अडवते. त्यात खायला नुसते रातकिडे, पावडर न लावता, आणि रातकिड्यात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त. हे सगळं त्या मुलाला समजावून सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, मला कोणी सांगितलंच नाही हो काकू.

क्रम आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. लोक उलटं करतात, उपाशी प्राणी दिसला की आधी घास पुढे करतात. थंड पडलेल्या सरड्याला पचवता येत नाही, पोटात अन्न सडतं. आणि फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट झपकन पेशींत खेचलं जातं, त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून पहिल्या दिवशी नुसती ऊब आणि कोमट पाण्यात दहा मिनिटं, उद्या व्हेटने दिलेलं कॅल्शियम सिरिंजने, त्यानंतर थोडं थोडं पातळ खाणं.

बास्किंगची, म्हणजे दिव्याखाली अंग शेकायची जागा 40 अंश, थंड बाजू 25. फांदी ठेवली नाही, चढून पडला तर हाड मोडेल. उचलताना तळहात पूर्ण पोटाखाली.

धाकट्याने नाव ठेवलं गोट्या. नावं ठेवायची नाहीत, नंबर द्यायचे असं ठरलं होतं. राहू दे.

2 फेब्रुवारी

गोट्या 121 ग्रॅम. थरथर कमी. आज स्वतःहून पालेभाजीचा तुकडा चावला, जबडा मऊ असल्यामुळे बाजूने निसटला, पुन्हा चावला.

दोन हॅमस्टर आले, एकाच पिंजऱ्यात, एकाचा कान फाटलेला. सीरियन हॅमस्टर मोठे झाले की एकटेच राहतात, भाऊ असले तरी एकमेकांचा जीव घेतात. वेगळे केले. म्हणजे एका फोनचे दोन टँक गेले.

11 फेब्रुवारी

बॉल पायथन, छोट्या अजगराची जात, मादी, 1.1 किलो. मालकाचं घर बदललं आणि नवीन घरात परवानगी नाही. प्लास्टिकच्या डब्यात आणली होती, झाकणाला भोकं, आत वर्तमानपत्र. शांत आहे, हातात घेतली की गोळा होऊन डोकं मधे लपवते. डोळ्यांवर जुन्या कातीचे पापुद्रे अडकलेले, म्हणजे ती जिथे होती तिथली हवा कोरडी असणार.

लेकीला संध्याकाळी शंका आली, ही सारखी पाण्याच्या भांड्यातच का बसते? पांढरा ओला टिश्यू अंगावरून फिरवला तर त्यावर काळे ठिपके, मिरपूड सांडल्यासारखे, आणि ठिपके चालत होते. माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. हनुवटीच्या खवल्यांखाली आणि डोळ्यांच्या कडेला भरले होते.

तिच्या टँकमधला सगळा भुसा काढून जाळला, आता नुसता कागद, रोज बदलायचा. लपायला पुठ्ठ्याचा खोका, तो पण फेकायचा. व्हेटने फवारा दिलाय. एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून दारावर चिकटवली: सापाचं औषध कासवाला नाही. आयव्हरमेक्टिन सापांच्या माइट्सवर वापरतात पण कासवाला ते जीवघेणं असतं. आमच्याकडे आज कासव नाही, उद्या येईल, आणि रात्री अकरा वाजता दमलेल्या माणसाच्या हातून चुकीची बाटली उचलली जाणं अजिबात अवघड नाही.

20 फेब्रुवारी

चूक झाली आणि ती माझी. परवा क्वारंटाइनमधून लाल टेपचा चिमटा हातात तसाच घेऊन मुख्य खोलीत आले आणि हॅमस्टरच्या टँकची जाळी त्याने उचलली. आज पायथनच्या कागदावर परत दोन जिवंत माइट्स दिसले तेव्हा ते आठवलं. मुख्य खोलीत अजून एकही साप नाही हे नशीब, पण माइट्स कपड्यावरून, फटीतून कुठेही जातात. खोली पूर्ण रिकामी करून पुसली, सगळ्या फटी, सगळी चाकं. मुख्य खोलीत साप ठेवायची तारीख महिनाभर पुढे ढकलली. आजपासून क्वारंटाइनसाठी वेगळा शर्ट आणि वेगळ्या चपला, दाराच्या आतच.

याच गडबडीत दोन गिनी पिग आले. दोन्ही माद्या, असं सांगितलं.

26 फेब्रुवारी

दोन्ही माद्या नाहीत. व्हेटने दोन सेकंदात सांगितलं, एक नर आहे आणि मादी गाभण आहे, पोटात निदान तीन. तिचं वय साधारण आठ महिने आणि ही पहिलीच खेप असावी. काळजीची गोष्ट ही की मादीची पहिली वीण सहा-सात महिन्यांच्या आत झाली नाही तर कमरेचं हाड पुढच्या बाजूला घट्ट जुळून जातं, मग पिल्लं बाहेर येताना अडकतात. हात लावून बघितलं तर फट अजून उघडी वाटते, एक्स-रे पुढच्या आठवड्यात.

नर लगेच वेगळा. पिल्लं झाल्यावर काही तासांतच ती परत गाभण राहू शकते.

रोज क जीवनसत्त्व हवंच, माणसासारखंच यांच्या शरीरात पण ते तयार होत नाही. पाण्यात थेंब टाकून उपयोग नाही, काही तासांत त्याचा जोर जातो आणि चव बदलली म्हणून पाणीच कमी पितात. तुकड्यावर किंवा सिरिंजने थेट द्यायचं. गाभण असल्यामुळे जास्त लागतं.

1 मार्च

लेपर्ड गेको, 22 ग्रॅम. शेपटी काडीसारखी. या पालींची चरबी शेपटीत साठते, निरोगी प्राण्याची शेपटी मानेएवढी जाड असते. दोन अळ्या खाल्ल्या आणि तासाभरात ओकली.

लेक गप्प झालीय. तिला माहितीय हे कशाचं लक्षण असू शकतं.

9 मार्च

रिपोर्ट आला, क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो) या सूक्ष्म परजीवीसाठी पॉझिटिव्ह. यावर खात्रीचा उपाय नाही. आतड्यात बसतो, अन्न अंगी लागू देत नाही, आणि विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या त्याच्या सिस्टना, म्हणजे कठीण कवचाच्या सूक्ष्म अंड्यांसारख्या कणांना, नेहमीची जंतुनाशकं काही करू शकत नाहीत. तो टँक, ती भांडी, पुन्हा कोणासाठीच वापरायची नाहीत.

लेक म्हणाली, आई, आपण तिला नुसती गरम ठेवून बघू ना, सिरिंजने देऊ ना. मी नाही म्हटलं नाही. दहा दिवस दिले.

19 मार्च

16 ग्रॅम. आज व्हेटकडे नेऊन तिला झोपवलं. लेकीने हातात धरलं होतं, मी म्हटलं होतं तू बाहेर थांब, ती म्हणाली मीच आणली होती आत, मीच धरते. घरी येताना दोघींनी बोलणं टाळलं. घरी आल्यावर तिने आधी हात धुतले, कपडे बदलले आणि मग स्वतःच्या दोन गेकोंच्या टँकसमोर जाऊन बसली, बाहेरूनच, हात न लावता.

त्या दोघींची पण तपासणी केली. निगेटिव्ह. क्वारंटाइन वेगळ्या खोलीत नसतं तर आज तीन गेल्या असत्या. लाल टेपचा कंटाळा आला की ही नोंद वाचायची.

मधे 17 तारखेला गिनी पिगला चार पिल्लं झाली, पहाटे, कसलीही मदत न लागता. सगळं अंग केसाळ, डोळे उघडे, दुसऱ्या दिवशी गवत चघळायला लागली. आप्पा अर्धा दिवस तिथेच खुर्ची टाकून बसले होते. तीन नर, एक मादी असं वाटतंय, यावेळी व्हेटला विचारून लिहिलंय. नर 21 व्या दिवशी आईपासून वेगळे, म्हणजे 7 एप्रिल.

27 मार्च

आज पहिल्यांदा नाही म्हणावं लागलं.

बाईंचा फोन, दोन रेड-इअर्ड स्लायडर कासवं, चार वर्षांपूर्वी नाण्याएवढी घेतली होती, आता तळहाताएवढी, डोळे सुजून बंद झालेत, खात नाहीत, घरात भांडणं होतायत. आमचे बारा टँक भरलेले. रिकामी झालेली क्रिप्टोची जागा अजून वापरायची नाही. मी म्हटलं, ताई, माझ्याकडे जागा नाही. त्या म्हणाल्या, मग तळ्यात सोडून येते, तिथे तरी जगतील.

माझ्या तोंडावर आलं होतं की आणा. नवरा समोर बसला होता, त्याने काही म्हटलं नाही, नुसता त्या सह्यांच्या कागदाकडे बघत होता.

मग त्यांच्याशी तासभर बोलले. तळ्यात सोडू नका, सगळ्यात आधी हेच. आजारी कासव तिथे मरतं आणि निरोगी असलं तर तळ्यातल्या मूळ कासवांची जागा आणि खाणं बळकावतं, आयूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जगातल्या 100 सगळ्यात घातक आगंतुक जातींच्या यादीत हे कासव आहे. मग विचारलं, खायला काय देता? चार वर्षं फक्त वाळवलेली कोळंबी. म्हणजे डोळ्यांची सूज बहुतेक अ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे. घरी कसलंही व्हिटॅमिनचं औषध द्यायचं नाही, अ जास्त झालं तर कातडी सोलून निघते, डोस व्हेटच ठरवेल. बसायला कोरडी जागा आहे का? नाही. दिवा? नाही. चार वर्षं ती कासवं कधी पूर्ण कोरडीच झाली नव्हती.

लिहून दिलं: पाणी 25 अंश, बाहेर येऊन बसायला फळी, फळीवर 32 च्या आसपास ऊब, यूव्हीबी ट्यूब, टँकच्या पाण्याच्या दुप्पट क्षमतेचा फिल्टर, कासवांचं पेलेट खाणं आणि गडद हिरवा पाला. उद्याच्या उद्या व्हेट. तरीही नाही जमलं तर जागा होईल तेव्हा पहिला फोन तुम्हाला.

रात्री झोप लागली नाही. त्यांनी सोडून दिली असतील तर?

3 एप्रिल

पायथनने खाल्लं! आल्यापासून सात आठवडे तोंड लावलं नव्हतं. बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहू शकतात, वजन टिकून असेल तर घाबरायचं नसतं, हे माहीत असूनही दर आठवड्याला नाकारलेला उंदीर परत न्यायला जीवावर यायचं. बदल एवढाच केला की लपायची जागा लहान केली, अंग चारी बाजूंनी टेकेल एवढी, आर्द्रता 70 टक्क्यांवर नेली आणि तीन आठवडे कोणी हातच लावला नाही. फ्रोजन उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून, अंधारात चिमट्याने धरला.

9 एप्रिल

एक गृहस्थ पिशवीत स्टार कासव घेऊन आले, पाठीवर पिवळ्या चांदण्या. घरात बरं असतं म्हणून कोणीतरी दिलं म्हणाले. हे आम्ही ठेवू शकत नाही. जंगलातून उचलल्या जाणाऱ्या जातीचं कासव, 2019 मध्ये ते सायटीज या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे व्यापार जवळपास पूर्ण बंद. त्यांच्यासमोरच वन्यजीव अधिकाऱ्यांना फोन लावला, ते येईपर्यंत कासव कोरड्या खोक्यात, शांत जागी, फोटो न काढता. गृहस्थ घाबरले होते, त्यांना बसवून पाणी दिलं. स्वतःहून आणून दिलं हे त्यांनी बरंच केलं.

18 एप्रिल

पहाटे साडेतीनला अलार्म. गोट्याच्या टँकमध्ये 46 अंश, थंड बाजूला. थर्मोस्टॅटचा सेन्सर सुटून टँकबाहेर लोंबत होता, त्यामुळे थर्मोस्टॅटला वाटलं अजून थंडच आहे आणि दिवा चालूच राहिला. गोट्या कोपऱ्यात तोंड उघडून पडला होता. दिवा बंद, झाकण उघडं, हळूहळू थंड केलं. सकाळी चालायला लागला.

थंडीत सरपटणारे प्राणी काही तास काढतात, जास्त उष्णतेत मिनिटांत जातात. लाइट जाईल म्हणून आम्ही थर्माकोलचे खोके आणि गरम पाण्याच्या बाटल्या सगळं तयार ठेवलं होतं, आणि हे उलटं होईल याचा विचारच केला नव्हता. अलार्म नवऱ्याने मागच्याच आठवड्यात बसवला होता. आज बाराही सेन्सर केबल टायने आत बांधले आणि प्रत्येक टँकला दुसरा, वरच्या मर्यादेला दिवा तोडणारा कटऑफ.

4 मे

गोट्याचा एक्स-रे. हाडं भरली आहेत, पांढरी स्वच्छ दिसतात. वजन 241. जबडा घट्ट झाला पण वाकडाच राहणार, पळता किडा त्याला धरता येत नाही, कायम चिमट्याने भरवावं लागेल. तो दत्तक जाणार नाही, आमच्याकडेच राहील. म्हणजे बारातला एक टँक पुढची आठ-दहा वर्षं गेला. कॉलेजचा तो मुलगा दर रविवारी येऊन त्याला भरवतो, आणि हल्ली इतर टँकच्या काचा पण पुसून जातो.

गिनी पिगची दोन भावंडं आज नवीन घरी गेली. अट एकच पण कडक: आधी पिंजरा पूर्ण मांडून आठवडाभर फोटो पाठवायचे, मग प्राणी मिळेल, आणि नको झाला तर आमच्याकडेच परत, दुसऱ्या कोणाला नाही.

21 मे

पायथनचं क्वारंटाइन संपलं. एप्रिलपासून एकही माइट नाही. मुख्य खोलीत हलवली, क्वारंटाइनमध्ये एक जागा मोकळी झाली. ठरल्याप्रमाणे पहिला फोन कासवांच्या त्या ताईंना लावला. रिंग वाजेपर्यंत पोटात गोळा होता.

त्या म्हणाल्या, अहो मीच करणार होते फोन, आता नाही द्यायची मला. आणि फोटो पाठवला. फळीवर दोन्ही कासवं, एकावर एक, मागचे पाय ताणून पसरलेले, माना वर, चारही डोळे उघडे.

मी तो फोटो आप्पांना दाखवला, मग नवऱ्याला, मग लेक घरी आल्यावर तिला. लेकीने रजिस्टरमध्ये बारा टँकच्या पानामागे एक नवीन पान उघडलं, वर लिहिलं "घरीच राहिले", आणि खाली पहिली ओळ: रेड-इअर्ड स्लायडर, 2. मग आम्ही दोघींनी जानेवारीपासूनचे फोन आठवून काढले, जिथे नुसतं दिवा बदला, वेगळं ठेवा, पावडर लावा एवढं सांगून काम झालं होतं. पान अर्धं भरलं.

मोकळ्या जागेसाठी उद्या सकाळी एक हेजहॉग येतोय. त्यांना सांगितलंय की येताना खोका गरम कापडात गुंडाळून आणा, गार पडला तर तो निपचित होतो. टँक आज रात्रीच 25 वर लावून ठेवलाय, सेन्सर बांधलाय, लेकीने एकदा आणि मी एकदा ओढून बघितलाय.